सत्तावीस नंबरची बाटली

११ जून १९६९, बुधवार

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे मेहेंदळे सर स्वतः जिना चढून माझ्या नमुन्यांच्या दुकानात आले! सात वर्षांत पहिल्यांदा. एरवी शिपायाच्या हातून चिठ्ठी येते — "बेडूक दहा, मोठे, ताबडतोब." म्हटलं, आज काय मोडलं?

काही मोडलं नव्हतं. सर खुशीत होते. खुर्ची पुसून न घेता बसले, त्यावरूनच ओळखलं.

"सर्जेराव, आपल्या म्युझियममध्ये नवा समुद्री किडा सापडलाय. नुसती जात नाही, अख्खा वंश नवा!"

पुण्यापासून समुद्र किती लांब, आणि किडा सापडला कपाटात. पुण्यात सगळंच कपाटात सापडतं.

मग चहा येईपर्यंत मला किडा शिकवला. मला! अकरा वर्षं यांच्या वर्गाच्या दाराशी हमाल म्हणून उभा राहिलो. पोरं वहीत लिहून घ्यायची, मी कानात. केसाळ समुद्री किडा म्हणजे आपल्या गांडुळाचा श्रीमंत चुलतभाऊ. अंगाचे शंभर-सव्वाशे खंड. प्रत्येक खंडाला दोन्हीकडून वल्ह्यासारखा पाय, पायात राठ केसांचा झुपका. डोक्यावर चार डोळे, मिशा. आणि घशात दोन काळे जबडे लपवलेले. वेळ आली की घसाच उलटा करून बाहेर फेकतो आणि चावतो. बाकी वेळ तोंड अगदी गरीब. हे ऐकताना मला नेहमी स्टाफरूम आठवते.

तर सरांच्या या किड्याचं पुढचं अंग नेरीसचं, म्हणजे बी.एस्सी.ला असतो तो नेहमीचा. पण चाळिसाव्या खंडापासून पाठीवर कंगव्यासारखे कल्ले. ते युनीसला असतात. युनीस म्हणजे वेगळं कूळ, वेगळं घराणं.

"दोन कुळांना जोडणारा दुवा, सर्जेराव! नूरबानूच्या नजरेला पडला. अर्थात माझ्या मार्गदर्शनाखाली."

"कुठली बाटली, सर?"

"सत्तावीस नंबर. रत्नागिरी, एकोणीसशे एक्कावन्न."

तोंडात पान होतं. चुन्यासकट गिळलं.

१२ जून

सत्तावीस नंबरची बाटली मी भरलेली. आतला किडासुद्धा मीच केलेला. मेलो!

१३ जून, शुक्रवार

लिहून टाकतो, म्हणजे डोकं हलकं होईल.

एक्कावन्न साली विद्यापीठाची तपासणी समिती यायची होती. म्युझियममध्ये कपाटं होती, कपाटात बाटल्या होत्या, बाटल्यांत प्राणी नव्हते. रत्नागिरीहून डबाभर जिवंत किडे मागवले. मेहेंदळे सर तेव्हा नुकतेच लागलेले, कोट नवा, मिशी नवी. त्यांनी डब्यात फॉर्मलीन ओतलं. सरळ! या किड्याला आधी थेंब थेंब स्पिरिट पाजून झिंगवावं लागतं, तो झोपला की मग फॉर्मलीन. जागेपणी टाकला तर तो रागाने स्वतःचेच तुकडे करतो. डझनभर किड्यांचे तीस-पस्तीस तुकडे झाले.

"अरे सर्जा, सोमवारी समिती येतेय! कपाटात अख्खा किडा पाहिजे!" असं ओरडले आणि घरी गेले.

अख्खा पाहिजे म्हणाले. कसा, ते म्हणाले नाहीत.

मी केला. शिंदीच्या केरसुणीची काडी वस्तऱ्याने तासली, केसाएवढी. एक टोक पुढच्या तुकड्यात, दुसरं मागच्यात. सांध्यावर अंड्याचा पांढरा बलक. फॉर्मलीनमध्ये तो दगडासारखा धरतो. सांधा झाकला जाईल असा पांढरा दोरा, काचेच्या पट्टीला बांधायच्या निमित्ताने. डब्यात दोन कुळांचे किडे आहेत हे मला काय ठाऊक? मी जाडी बघितली. दुकानात चपलेचा जोड लावतात तसा पुढच्याला मागचा लावला.

समितीच्या अध्यक्षांनी बाटली उजेडात धरली आणि म्हणाले, "वा!" मेहेंदळे सर लाजले. त्यांनी अख्खा मागितला, अख्खा मिळाला. कुठून आला हे हमालाला विचारायची पद्धत नव्हती.

आणि आज तोच माझा जोड म्हणे दोन कुळांना जोडणारा दुवा. खोटं तरी कसं म्हणू? जोडणारा आहेच!

१९ जून, गुरुवार

हाडांच्या सापळ्याचा हात निखळलाय असं कॉलेजातून कळलं. मुद्दाम स्वतः गेलो.

नूरबानू सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. कादरभाई बाइंडरची थोरली. नाना पेठेत त्यांचं दुकान, माझ्या पावतीपुस्तकांची शिवण त्यांचीच. घराण्यातली एम.एस्सी. झालेली ही पहिली. डिपार्टमेंटात डेमॉन्स्ट्रेटर आहे, पण हंगामी. कायमच्या जागेची मुलाखत ऑगस्टात. या किड्यावरचा लेख छापायला गेला तर जागा तिची, असं सरांनी सांगून ठेवलंय.

"काय चाललंय बेटा?"

"मोजतेय, काका."

"काय?"

"केस. अकराव्या पायाचे."

एकूण पाय किती विचारलं तर म्हणाली, एका बाजूचे एकशे चौदा. जानेवारीपासून मोजतेय! सर मागून म्हणाले, "मोजणी संपेपर्यंत मी निवृत्त होईन, नूरबानू. किडा तर झालाच आहे."

मी साळसूदपणे विचारलं, "कापून आतलं बघत नाही का?"

"मनाई आहे. एकुलता एक नमुना. कापायचा नाही, दोरासुद्धा सोडायचा नाही. सरांनी लिहून दिलंय." मग मान वर करून माझ्याकडे बघत म्हणाली, "बांधलाय मात्र सुबक. कुणी बांधला असेल हो?"

"असेल कुणीतरी हमाल."

"हात चांगला होता त्याचा."

सापळ्याचा हात उलटा बसवला, परत काढून बसवला. लेख जाणार लंडनला, तिथल्या मोठ्या म्युझियमच्या लोकांकडे. ते लोक नमुना मागवून घेतात. आणि त्यांना कुणी मनाई लिहून दिलेली नसते.

२ जुलै, बुधवार

या किड्यांचे शास्त्रज्ञांनी दोन भाग पाडलेत. एक भटके: पोहणारे, सरपटणारे, जबडेवाले. दुसरे बसके: एक नळी बांधायची, जन्मभर आत बसायचं, तोंडाशी पिसारा काढून येईल ते गिळायचं, आणि कुणी जवळ आलं की सर्रकन आत. सदाशिव पेठेत दुकान घेतल्यापासून मला दुसरा भाग न वाचताच कळला.

खालच्या मजल्यावरच्या अनंतरावांनी पाटी लावलीय — "वर जाणाऱ्यांनी फॉर्मलीनचा वास वरच ठेवावा." पिसारा आत!

बायकोला, मैनेला, सगळं सांगितलं. निम्मं ऐकून म्हणाली, "किड्याला शेपूट कुणाचं का असंना, तुमचं काय जातंय? गप ऱ्हावा की!"

"अगं, त्या पोरीचं नाव जाईल."

"आन् तुमचं? तीस-चाळीस कालेजं तुमच्या बाटल्या घेत्यात. एक खोटी निघाली की समद्या खोट्या. लोणीला शेतावर जायचं हाय का परत?"

शेतावर जायचं नाही. लोणी काळभोरहून चालत आलो होतो, पायात वहाण नव्हती. तरी गप्प राहणं मला जन्मात जमलेलं नाही. तेवढी एक चैन आहे.

३ जुलै

गप्प राहिलो. पूर्ण दिवस. पोट दुखलं.

१४ जुलै, सोमवार

देवाने मला शिक्षण दिलं नाही, कान दिले. आज त्यांचं सोनं झालं. का माती, ते कळत नाही.

कॉलेजच्या जिन्याखाली नमुन्यांची पेटी उघडून बसलो होतो. वर कठड्याशी मेहेंदळे सर आणि वनस्पतिशास्त्राचे कुणीतरी. हमाल जिन्याखाली असला की वरच्यांना तो दिसत नाही. हमालकी सोडून सात वर्षं झाली, तरी दिसत नाही.

वनस्पतिवाले म्हणाले, "लेख नुसता त्या मुलीच्या नावाने? तुमचं नाव कुठंय, दीनानाथ?"

"अहो, किड्याला नाव माझं द्यायचंय. स्वतःचं नाव स्वतः कसं देणार? बरं दिसत नाही. लेखिका ती, नाव माझं."

"आणि लंडनवाल्यांनी खोड काढली तर?"

सर हसले. "तर लेखिका तीच!"

दोघे हसले. मग चहाची घंटा झाली.

मी पेटीचं झाकण लावायचं विसरलो. तसाच चालत सुटलो. लक्ष्मी रोडला आल्यावर लक्षात आलं, हातात कासवाची कवटी.

२२ जुलै, मंगळवार

माणूस चंद्रावर उतरला! पेठेत पेढे. अनंतरावांनी मला पेढा दिला, म्हणजे प्रसंग किती मोठा ते कळावं.

मेहेंदळे सर मात्र कावलेले. वर्तमानपत्रवाल्यांनी "पुण्यात नव्या सागरी जीवाचा शोध" ही बातमी घेतो म्हणून कबूल केलं होतं, ती चंद्रापायी मागे पडली. "दगडधोंडे बघायला एवढ्या लांब! आमच्याकडे जिवंत शास्त्र आहे."

जिवंत? अठरा वर्षं फॉर्मलीनमध्ये आहे तो, सर.

लेख एक तारखेला टपालात पडणार असं ठरलं. नूरबानू अजून मोजतेय. आता चौदावा पाय. सरांनी तिला मुदत घातली.

२८ जुलै, सोमवार

सांगितलं.

दुपारी तिला दुकानात बोलावून घेतलं, बांधणीच्या कामाचं निमित्त काढून. मैनेला चहा ठेवायला सांगितलं. मी उभाच. म्हटलं, "बेटा, तुझा किडा एक नाही. दोन आहे. मी जोडलाय." मग काडी, अंडं, दोरा, समिती, सगळं ओकून टाकलं. घसा उलटा करून.

पोरीने चहा बशीत ओतला, फुंकर घातली.

"माहीत आहे, काका."

"काय माहीत आहे?"

"मार्चमध्ये दोरा सोडून बघितला मी. सर जेवायला गेले होते. केरसुणीची काडी आहे आत. परत बांधून ठेवला. तुमच्याइतका सुबक नाही जमला, पण सर कुठे बघतात?"

मी पेटीवर बसलो. चांगला आवाज झाला.

"मग बोलली का नाहीस?"

"लेबलवर अक्षर तुमचं. पावत्यांवर पण तेच. अब्बांकडे तुमची पुस्तकं शिवायला येतात, लहानपणापासून बघतेय. बोलले असते तर तुमच्या दुकानाचं काय झालं असतं?" मग म्हणाली, "म्हणून मोजत बसले. किती दिवस मोजता येतं तेवढे दिवस. वाटलं, तोवर सर एकदा तरी भिंगातून बघतील. एकदा. नाही बघितलं हो. सात महिने किडा त्यांच्या नावाने, आणि डोळा नाही लावला."

जिन्यावरचं बोलणं मी तिला सांगितलं. सांगायचं नव्हतं, सांगितलं. कपबशी खाली ठेवली तिने.

"मग उशीर नको," म्हणाली. "पण काका, हे तुमच्या तोंडून जायला हवं. मी बोलले तर म्हणतील, मुलीने नमुना बिघडवला."

आतून मैना म्हणाली, "चाळीस कालेजं!" तिचेही कान चांगले आहेत. माझ्या संगतीचा परिणाम.

३१ जुलै, गुरुवार

काळा कोट घातला. वस्तरा, चिमटा, पांढरी बशी घेतली. अकरा वाजता डिपार्टमेंट. सगळे जमले होते, कारण सर लेखाच्या पाकिटावर स्वतः लाख लावणार होते!

म्हटलं, "सर, पाच मिनिटं. बाटली उघडू द्या."

"सर्जेराव, आपण काय करताय? एकुलता एक नमुना आहे!"

"त्याचा बाप समोर उभा आहे, सर."

दोरा सोडला. सांध्यावर वस्तऱ्याची पाठ टेकवली, चिमट्याने ओढलं. टिक असा आवाज झाला. पुढचा इकडे, मागचा तिकडे, आणि मध्ये केरसुणीची काडी ताठ उभी. अठरा वर्षांत ढिली झाली नाही. खरं सांगतो, मनात अभिमान वाटला.

सगळे बशीवर वाकले. मग वनस्पतिवाले म्हणाले, "दीनानाथ, हे तर आमच्या खात्यात येतं. शिंदी आहे."

हसू फुटलं नि मेहेंदळे सरांचा चेहरा लाखेसारखा झाला. मला वाटलं आता लबाडीबद्दल बोलतील. नाही! म्हणाले, "मी नातेवाइकांना काय सांगायचं आता?"

मी म्हटलं, "सर, तुम्ही अख्खा मागितला होता."

"अरे सर्जा—" एवढंच निघालं. मधली सगळी वर्षं एका शब्दात पुसली गेली. मग बोट दाराकडे. "आणि तो कचरा उचल."

नूरबानूने बशी उचलली. तेवढ्यात मी बाहेर.

१ ऑगस्ट

अनंतरावांची नवी पाटी — "येथे सर्व प्रकारचे प्राणी जोडून मिळत नाहीत." पेठेत बातमीला पाय लागत नाहीत. एका बाजूचे एकशे चौदासुद्धा.

११ ऑगस्ट, सोमवार

पत्रं येतायत. नगरच्या कॉलेजाने विचारलंय, आमचं कासव एकच आहे ना? साताऱ्याने सगळ्या बाटल्या परत पाठवल्या, गवतात गुंडाळून. दोन फुटल्या. वास जिन्यापर्यंत.

एकेका पत्राला उत्तर लिहिलं: जोडलेले किडे फक्त एक्कावन्न सालचे, मी नोकर असतानाचे. दुकान काढल्यापासून एकही नाही. शंका असेल त्याने येऊन वस्तरा चालवावा. खरं आहे ते. पण खरं सांगायची सवय लागली की लोक पूर्वीचंही तपासतात.

मैना बोलत नाही. भाकरी वाढते, पण जोरात.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

मुलाखती झाल्या. नूरबानूला विचारलं म्हणे, "छापलेलं काही आहे?" ती म्हणाली, "नाही." दुसरा प्रश्न नाही. जागा यंदा भरायची नाही असं ठरलं. हंगामी कामही दिवाळीपर्यंतच.

संध्याकाळी कादरभाईंकडे गेलो. शिव्या खायच्या तयारीने गेलो होतो. ते पुठ्ठा कापत होते. मान वर न करता म्हणाले, "बसा सर्जेराव. पोरगी म्हणाली, तुम्ही उठून उभे राहिलात म्हणून तिचं नाव वाचलं. नोकरी गेली. नाव आहे." मग आणखी एक पुठ्ठा कापून म्हणाले, "नोकरी असती तर बरं झालं असतं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हटलं, नूरबानू कुठंय? माळ्यावर. कॉलेजातला एक मोडका सूक्ष्मदर्शक तिने मागून आणलाय. काय बघते विचारलं, तर कादरभाई म्हणाले, "मला काय कळतं? कचरा बघते म्हणते."

१७ सप्टेंबर, बुधवार

नूरबानू धावत जिना चढली. एकुलता एक नमुना होता तोवर कापायची मनाई होती; कचरा झाल्यावर कोण अडवणार? तिने पुढच्या तुकड्याचा घसा उभा चिरला. आत जबडे, आणि जबड्यांभोवती बारीक दातांची नक्षी. या किड्यांची जात त्याच नक्षीवरून ठरते. दीड महिना सगळी पुस्तकं धुंडाळली, कलकत्त्याच्या तज्ज्ञांना चित्र पाठवलं. आज उत्तर आलं: अशी मांडणी आजवर कुणी नोंदवलेली नाही.

"काका, पुढचा अर्धा खरंच नवा आहे! पण मागचे पाय पाहिल्याशिवाय नवी जात कुणी मान्य करणार नाही. याचा मागचा अर्धा कुठे असेल?"

मला ठाऊक आहे. जगात एकट्या मलाच. त्या रविवारी मी जोड एक नाही, दोन केले होते. याचं शेपूट दुसऱ्याच्या धडाला गेलं. समिती पुढे सोलापूरच्या कॉलेजात जाणार होती, त्यांच्याकडेही किडा नव्हता, म्हणून ती बाटली समिती तिथे पोचायच्या आदल्या दिवशी रेल्वेने पुढे पाठवली. परत कुणी मागितलीच नाही.

उद्याची सकाळची गाडी. वस्तऱ्याला धार लावायला बसलो, तर मैनेने तो हातातून काढून घेतला. म्हणाली, "द्या हिकडं."

तीच लावतेय.